जामिनासाठी जमीन

तुरुंगसुधारणेची कळकळ आपल्या राजकारण्यांच्या मनात केव्हा जागी होते, याचा क्रम आता ठरून गेला आहे. खाते हाती असते तोवर कारागृह म्हणजे अर्थसंकल्पातील एक नीरस मागणी. पद गेले, खटला मागे लागला आणि लोखंडी दरवाजा पाठीमागे बंद झाला, की कच्च्या कैद्यांची दाटी, रेंगाळणारे खटले, जामिनाचे दुर्भिक्ष हे सारे एकाएकी दिसू लागते. महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री श्री. अनिल देशमुख नोव्हेंबर २०२१ ते डिसेंबर २०२२ कोठडीत होते. बाहेर आल्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. श्री. संजय राऊत यांनीही शंभर दिवसांच्या तुरुंगवासावर लिहिले. लिहिले ते बरेच झाले. तथापि एक तारीख पुसली जात नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आमच्या पनवेल तालुक्यातील तळोजा कारागृहात स्टॅन स्वामी हे त्र्याऐंशी वर्षांचे, कंपवाताने हात थरथरणारे वृद्ध गृहस्थ पाणी पिण्यासाठी नळी असलेला पेला मागत होते आणि त्यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला होता. खटला केंद्रीय यंत्रणेचा होता हे खरे. परंतु तुरुंग राज्याचा होता आणि त्या वेळी गृहखाते देशमुखांकडे होते. ज्या माणसाने झारखंडातील आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी उच्च न्यायालयात दाद मागितली होती, तो स्वतः कच्चा कैदी म्हणूनच ५ जुलै २०२१ रोजी वारला. त्याच्यावरील आरोप सिद्ध झाला की नाही, हा प्रश्नच उरला नाही.

मात्र उशिरा सुचलेले शहाणपण म्हणून या मंडळींची हेटाळणी करून थांबणे मला पुरेसे वाटत नाही. कारण या प्रश्नावरील एक अत्यंत मोलाचा निवाडा आमच्याच किनाऱ्यावरच्या एका पदच्युत पुढाऱ्याच्या खटल्यातून आलेला आहे. बॅ. अब्दुल रहमान अंतुले हे आंबेतचे. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे रायगड झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. जानेवारी १९८२ मध्ये न्या. लेंटिन यांच्या निकालानंतर त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. सिमेंटचे ते प्रकरण प. बा. सामंत आदी विरोधी मंडळींनी न्यायालयात नेले होते आणि आम्ही समाजवाद्यांनी त्या निकालाचे मनापासून स्वागत केले होते. त्याचा मला आजही यत्किंचित पश्चात्ताप नाही.

पुढे अंतुले लढत राहिले. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, आपल्याच न्यायालयाच्या पूर्वीच्या आदेशामुळे या आरोपीवर अन्याय झाल्याचे मान्य करून तो आदेश मागे घेतला. डिसेंबर १९९१ मध्ये त्यांच्याच प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले, की जलद न्यायाचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातच अंतर्भूत आहे. तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्याला तो लागू आहे. आणि आरोपीने खटला लवकर चालवा अशी मागणी कधी केली नव्हती, एवढ्यावरून त्याचा हक्क बुडत नाही. कालमर्यादा आखून देण्याचे मात्र न्यायालयाने टाळले, आणि २००२ साली सात न्यायमूर्तींनी तीच भूमिका कायम ठेवली. हे वैगुण्य आहेच.

आता प्रश्न असा, की हा हक्क कोणाच्या वाट्याला आला? ज्याच्यापाशी नामांकित वकील आहेत तो सात न्यायमूर्तींपर्यंत पोहोचतो. सुधागड-कर्जतकडचा कातकरी अलिबागच्या हिराकोटात पोहोचतो आणि तेथेच राहतो. कान्होजींनी बांधलेल्या त्या किल्ल्यात जिल्हा कारागृह आहे. समुद्राची गाज ऐकत किती जण नुसत्या तारखा मोजत असतील!

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यातील हिशेब पाहावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे विहिरीचे काम करून गेलेल्या एका मजुरासाठी मी जामीनदार राहिलो. जामीन मंजूर होऊन तीन आठवडे उलटले होते, तरी तो आतच होता. न्यायालयाला हवा होता ऐपतीचा दाखला, त्यासाठी सातबारा, आणि सातबाऱ्यासाठी अर्थातच जमीन. जामीन आणि जमीन या दोन शब्दांत एका कान्याचेच काय ते अंतर. पण भूमिहीनाला ते ओलांडता येत नाही. त्याच्या घरच्यांनी वीटभट्टीवाल्याची उचल घेतली होती. तो आत असताना उचल फिटत नव्हती, आणि ती फिटावी म्हणून बायको व थोरला मुलगा भट्टीवर राबत होते. सरकारी आकड्यांत हा केवळ एक कच्चा कैदी; घराच्या हिशेबात तो एक बुडालेला हंगाम आणि शाळेतून उठलेला पोरगा.

असे आकडे २०२२ च्या अखेरीस देशात ४,३४,३०२ होते. दर चार कैद्यांत तीन. १९७८ सालीच न्या. कृष्ण अय्यर यांनी मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात दहा हजारांचा जामीन मागणाऱ्या आणि जामीनदार परजिल्ह्यातला म्हणून नाकारणाऱ्या दंडाधिकाऱ्याला फटकारून, एक हजाराच्या जातमुचलक्यावर सुटकेचा आदेश दिला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. परंतु त्याच कलमात पुढे, एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही, असेही म्हटले आहे. गरिबावर दुसरा गुन्हा दाखल करायला किती वेळ लागतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याने हे कलम लिहिले असावे, किंवा ज्याला पुरेपूर ठाऊक आहे त्याने.

काही साथी म्हणतील, की अंतुल्यांच्या निवाड्याचा गौरव म्हणजे भ्रष्टाचाराला अभय. हा युक्तिवाद मला मान्य नाही. आणीबाणीत आमची माणसे मिसाखाली विनाचौकशी डांबली गेली, तेव्हा आम्ही ती निर्दोष आहेत एवढेच म्हणत नव्हतो. चौकशीविना कोणालाही डांबता येणार नाही, असे म्हणत होतो. १९७८ मध्ये जनता सरकारने मिसा रद्द केला. परंतु आमचे लोक सुटून आले आणि सामान्य कैदी, ज्यांच्या शेजारी ते एकोणीस महिने झोपले होते, मागे राहिला. त्याच्यासाठी आम्ही मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. तेव्हा माजी गृहमंत्र्यांना बोल लावताना आपणही थोडी मान खाली घातलेली बरी.

जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत असलेल्यांची संख्या रायगडच्या समितीने दर तिमाहीला जाहीर करावी, अशी मागणी आपल्या जिल्हा शाखेने लेखी करावी. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी रक्कम देण्याची केंद्राची योजना २०२३ पासून आहे; तिचा एकही रुपया हिराकोटात पोहोचला का, हेही त्याच पत्रात विचारावे. आणि ज्यांच्या नावावर सातबारा आहे अशा आपल्या सभासदांनी जामीनदार राहण्यासाठी नावे नोंदवावीत. माझे अकरा गुंठे त्या यादीत पहिले लिहून घ्यावेत.