सालीसकट संत्रे

निफाड हा संत्र्याचा तालुका नव्हे. इथे द्राक्ष आहे, कांदा आहे, ऊस आहे, गोदाकाठाला गहू आहे. संत्रे इथे येते ते विदर्भातून, ट्रकमध्ये भरून; आंबिया बहराचे फळ दिवाळीच्या आगेमागे दिसू लागते आणि डिसेंबरभर गाड्यांवर रचलेले असते. नेमक्या त्याच दिवसांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा राज्यभरच्या बातम्यांत पोचतो. पारा पाचाच्या खाली घसरला की आमच्याकडचे द्राक्षबागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकचे पाणी सोडतात, कारण गारठ्याने मणी तडकले तर वर्षभराची मेहनत गेली. शिवारात धूर आणि बाजारात संत्री, असे हे दिवस. संत्र्याचा जॅम घरी करायचा तर मला याहून चांगला हंगाम ठाऊक नाही. फळ आंबटगोड असते, शेगडीपाशी उभे राहायला कुणी कुरकुरत नाही, आणि जॅम झाला की नाही हे पाहायला लागणारी थंडगार ताटली फ्रीजमध्ये ठेवावी लागत नाही. ती अंगणात ठेवली की पुरते.

आपल्या घरांत फळ साखरेत मुरवायची रीत जुनी. कैरीचा साखरांबा, गुळांबा, आवळ्याचा मोरांबा हे सगळे आपल्या हातात बसलेले आहे. संत्र्याचे मात्र आपण फार काही केले नाही. सोलायचे, खायचे, साल टोपलीत. फार तर कुणी साल वाळवून उटण्यात घालते. नागपूरहून येणारी संत्रा बर्फी तेवढी कौतुकाने खातो. जॅम म्हटले की डोळ्यांपुढे येते ती दुकानातली लाल बाटली, मिक्स फ्रूटची. त्यात नेमके कोणते फळ आहे हे जिभेला ओळखू येत नाही, आणि लहानपणी आपण विचारतही नाही.

माझ्या वहिनीचे माहेर वरूडचे. थंडी पडली की तिकडून संत्र्यांची पेटी येते. ती लग्न होऊन आमच्याकडे आली त्या हिवाळ्यात मी ओट्याशी संत्री सोलत बसले होते आणि सवयीने साली कचऱ्यात टाकत होते. ती म्हणाली, "ताई, साल नका फेकू जी. अन् बिया तं बिलकूल नका फेकू." त्या दिवशी तिने ज्या पद्धतीने जॅम केला तीच पद्धत मी आजही वापरते. पुढे वाचत गेले तसे कळले की तिच्या माहेरच्या त्या पद्धतीला रसायनशास्त्राचा भक्कम आधार आहे.

जॅम घट्ट होतो तो नुसत्या साखरेने नाही. साखर आटवून होतो तो पाक, आणि पाक गार झाला की चिकट होतो किंवा त्याची खडीसाखर होते. जॅमला लागतो तो थरथरता, चमच्यावर उभा राहणारा घट्टपणा. तो देणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. 1825 साली हेन्री ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो वेगळा करून त्याला नाव दिले. वनस्पतीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे हे द्रव्य संत्र्याच्या रसात अगदी थोडे असते. ते असते सालीच्या आतल्या पांढऱ्या थरात, फोडींवरच्या पापुद्र्यात, त्या पांढऱ्या दोऱ्यांत आणि बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात. म्हणजे आपण संत्रे खाताना जे जे नखाने काढून बाजूला ठेवतो, त्या सगळ्यात. कारखान्यांत जॅम आणि जेलीसाठी जे पेक्टिन वापरतात, तेसुद्धा मुख्यतः लिंबूवर्गीय फळांच्या सालींतून आणि सफरचंदाच्या चोथ्यातून काढलेले असते. वहिनी बियांना "बिलकूल नका" का म्हणाली, ते यात आले.

आता कृती सांगते. दोन किलो संत्री घेतली तर सोलून, बिया काढून किलोच्या आसपास गर निघतो. फळे कोमट पाण्यात मीठ घालून चोळून धुवायची, कारण साल पोटात जाणार आहे. चार फळांची साल बाजूला ठेवायची. नागपुरी संत्र्याची साल सैल, बोट घातले की सुटते, त्यामुळे हे काम लहान मुलेसुद्धा आनंदाने करतात. त्या सालींच्या आतला पांढरा थर चमच्याच्या कडेने खरवडायचा, पण टाकायचा नाही. नारिंगी साल सुरीने अगदी बारीक, केसरकाडीसारखी चिरायची. ती पाण्यात दहा मिनिटे उकळून पाणी ओतून द्यायचे, पुन्हा नव्या पाण्यात उकळायचे. कडवटपणा बराचसा त्या पाण्याबरोबर जातो आणि सालीचा वास मात्र शिल्लक राहतो.

फोडी सोलणे हे खरे वेळेचे काम. प्रत्येक फोडीचा पापुद्रा काढून आतला गर एका पातेल्यात, आणि पापुद्रे, दोऱ्या, खरवडलेले पांढरे, सगळ्या बिया दुसऱ्या वाटीत. ही वाटी मलमलच्या फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी करायची. घाईत असलेल्या मैत्रिणी मला विचारतात, सगळे मिक्सरमध्ये फिरवले तर? मी कळकळीने सांगते, फिरवू नका. संत्र्याच्या बियांत आणि पांढऱ्या भागात लिमोनिन नावाचे कडू द्रव्य तयार होते. फळ अखंड असताना ते जवळजवळ जाणवत नाही. पेशी फुटल्या, आंबट रसाशी गाठ पडली की हळूहळू उतरते आणि उष्णतेने त्याला वेग येतो. म्हणून मिक्सरमधला रस प्यायला ताजा असताना गोड लागतो आणि तासाभराने कडवट. जॅम तर विस्तवावर शिजायचा. बी अखंड राहिली, पुरचुंडीत राहिली, तर ती आपल्या अंगचे पेक्टिन देते आणि कडूपणा फारसा सोडत नाही.

गर, चिरलेली साल, पुरचुंडी आणि दोन लिंबांचा रस, सगळे रुंद तोंडाच्या स्टीलच्या पातेल्यात, वाटीभर पाणी घालून मंद आचेवर. बिनकल्हईचे पितळेचे भांडे नको आणि अॅल्युमिनियमही नको, आंबटाने दोन्हींची चव उतरते. लिंबू कशाला, असे विचाराल. संत्र्याला स्वतःचा आंबटपणा आहे, पण पेक्टिनची जाळी विणली जायला तो थोडा कमी पडतो. मिश्रणाचा सामू 3 च्या जवळपास यावा लागतो. साल दोन बोटांत दाबली की चिरडली जाईल इतकी मऊ होईस्तोवर साखर घालायची नाही. हे मी दोनदा सांगायलाही तयार आहे. साखर आधी पडली की साल ताठर होते, मग तासभर उकळा, ती चामट ती चामटच.

साल मऊ झाली की पुरचुंडी दोन चमच्यांत धरून करकचून पिळायची. त्यातून जो पांढुरका, लिबलिबीत रस निघतो त्याला पाहून नाक मुरडू नका, तोच जॅमचा जीव. मग किलोभर गराला पाऊण किलो साखर. आधी मंद आचेवर ढवळत ती पुरती विरघळवायची आणि मगच आच मोठी करायची. इथून पुढे पातेल्यापासून हलायचे नाही. पंधरा-वीस मिनिटांचा मामला असतो, पण बुडबुडे बदलतात, आवाज बदलतो, आधी फेसाळ असलेले मिश्रण जड होऊन फुटू लागते. उलथने उचलून आडवे धरले की थेंब वेगवेगळे न पडता कडेला एकत्र येऊन पातळ पडद्यासारखे ओघळतात. तेव्हा गॅस बारीक करून अंगणातल्या ताटलीवर एक थेंब टाकायचा, मिनिटभराने बोटाने सारायचा. वर सुरकुती पडली की झाले. सुरकुती पडल्यावरही "अजून थोडे" म्हणून उकळत ठेवण्याचा मोह आवरावा, कारण जास्त उकळीने पेक्टिनची साखळीच तुटते आणि जॅम उलट सैल पडतो.

ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांच्यासाठी एक निफाडी सूचना. पुस्तकांत 105 अंश सेल्सिअसला जॅम तयार असे लिहिलेले असते. ते समुद्रकाठच्या गावांसाठी खरे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहोत, इथे पाणीच 98 अंशांच्या आसपास उकळते. म्हणून आपला जॅम 103 अंशांना होतो. मुंबईच्या पुस्तकावर विसंबून 105 गाठायला गेलात तर हाती टॉफी येईल.

बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून, पुसून नव्हे तर ओव्हनमध्ये किंवा उन्हात वाळवून, गरम असतानाच भरायच्या. आमच्याकडच्या थंडीत ही गोष्ट फार महत्त्वाची. डिसेंबरच्या रात्री ओट्याचा दगड इतका गार असतो की त्यावर ठेवलेल्या बाटलीत उकळता जॅम ओतला तर काच तडकते. बाटली लाकडी पाटावर ठेवावी.

तयार होतो तो साधारण सव्वा किलो. लाल नाही, मधाच्या रंगाचा, उजेडात धरला तर सालीच्या काड्या आत तरंगताना दिसतात. अन्न सुरक्षेचे नियम सांगतात की जॅममध्ये फळ किमान 45 टक्के हवे आणि विरघळलेले घन पदार्थ किमान 65 टक्के. आपल्या या जॅममध्ये फळाचे प्रमाण त्या किमानाहून कितीतरी जास्त. चव गोड, मग आंबट, आणि घास गिळल्यावर मागे राहणारा किंचित कडू. पोरांना पहिल्या दिवशी तो कडू नको असतो. चारपाच दिवसांनी तीच पोरे कुंदेवाडीत निघालेल्या नेत्रावती गव्हाच्या गरम पोळीवर लोणी आणि हा जॅम मागून घेतात. इंग्लंडात सेव्हिल जातीच्या कडू संत्र्यांचा मार्मालेड करतात, तोही जानेवारीतच, आणि तिथे तो कडवटपणाच मोलाचा मानतात. आपल्या नागपुरी फळात कडू बेताचा आहे, म्हणून मला तो त्याहून आवडतो.

गंमत म्हणजे हे नागपुरी फळ मूळचे आपल्या बाजूचे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात ते औरंगाबादकडून तिकडे नेले असे सांगतात. तिथल्या काळ्या मातीत ते असे रुजले की 2014 साली नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या संत्र्याची अलीकडची स्थिती मात्र वहिनीच्या माहेरून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये ऐकू येते. बांगलादेश हा या फळाचा मोठा गिऱ्हाईक. त्याने आयात शुल्क वर्षागणिक वाढवले, 2023 पर्यंत ते किलोमागे 88 रुपयांवर गेले आणि निर्यात कोसळली. बारीक फळाला तर मोलच उरले नाही. वरूड-मोर्शीच्या रस्त्यांकडेला संत्र्यांचे ढीग फेकलेले फोटो आपण सर्वांनी पाहिले. लासलगावच्या कांद्याला आणि आमच्या द्राक्षांनाही बांगलादेशच्या दारातले हेच चढउतार सोसावे लागतात, म्हणून ते फोटो निफाडकरांना परके वाटत नाहीत.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म याच निफाडचा, 18 जानेवारी 1842 चा. कच्चा माल बाहेर जातो, पक्का माल बाहेरून येतो आणि मधला सगळा मोबदला दुसऱ्यांच्या हाती राहतो, हे दुखणे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच्या हिंदुस्थानाविषयी आकडे मांडून दाखवले. 1890 मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरवली. त्यांच्या जन्मगावात आज रोज शेकडो गाड्या कांदा आणि द्राक्षे भरून जातात. विंचूरला वाइन पार्क झाला, बेदाण्याच्या शेड उभ्या राहिल्या, हे झाले ते उत्तमच. विदर्भातही 2025 च्या मार्चमध्ये नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात संत्र्यावर प्रक्रिया करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. मोठ्यांनी मोठे करावे. पण रस्त्याकडेला फेकले जाणारे बारीक संत्रे जॅमसाठी उत्तम असते, कारण त्यात गराच्या मानाने साल आणि बिया जास्त. आमच्या तालुक्यातल्या बचत गटांच्या बायका पापड, कुरडया, मसाले इतक्या निगुतीने करतात. हिवाळ्याच्या सहा-आठ आठवड्यांत तिकडून बारीक फळ आणून त्यांनी संत्र्याचा जॅम करावा, अन्न सुरक्षेची नोंदणी करून, बाटलीवर "नागपूर संत्रे" असे ठसठशीत छापून तो विकावा, असे मला मनापासून वाटते. द्राक्षाच्या पेट्या घेऊन मुंबईला जाणाऱ्या गाडीत चार खोकी त्याचीही मावतील.

घरच्यापुरता करणाऱ्यांसाठी उरलेले दोन शब्द. न उघडलेली बाटली अंधाऱ्या, कोरड्या फडताळात काही महिने सुखाने राहते. उघडली की फ्रीजमध्ये, कोरड्या चमच्याने, महिन्याभरात संपवायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहराचे संत्रे येईल. ते आंबियापेक्षा गोड असते, म्हणून तेव्हा लिंबे दोनच्या ऐवजी तीन घाला आणि साखर वाटीभराने कमी करा. थंडी सरलेली असेल, तेव्हा ताटली मात्र फ्रीजमध्ये ठेवावी लागेल.