ना वर्ग, ना परीक्षा. तरी ग्रंथालयाचे कर्मचारी वेब शिकले कसे?

ऑगस्ट २००६. अमेरिकेतील शार्लट-मेक्लनबर्ग सार्वजनिक ग्रंथालयाने कर्मचाऱ्यांपुढे २३ छोटी कामे ठेवली. ब्लॉग सुरू करा, फ्लिकर वापरून पाहा, आरएसएस फीड जोडा, विकीत भर घाला. मुदत नऊ आठवडे. उपक्रमाचे नाव ‘लर्निंग २.०’, आखणी हेलेन ब्लोअर्स यांची.

वेगळे काय होते?
ज्याने त्याने आपल्या वेगाने करून पाहायचे आणि अनुभव स्वतःच्या ब्लॉगवर लिहायचा. साधने मोफत. सगळी कामे पूर्ण करणाऱ्याला एमपी३ प्लेअर. पुढे अनेक देशांतील ग्रंथालयांनी हीच आखणी उचलली.

आपल्यासाठी धडा काय?
महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. तेव्हा काउंटरवर पुस्तक मागितले जाई. आज ऑनलाइन अर्ज कसा भरायचा, हेही विचारले जाते. उत्तर देणाऱ्याने ते साधन कधी हाताळलेलेच नसेल, तर ग्रंथालयातला संगणक शोभेचा ठरतो. म्हणून संगणक खरेदीच्या निधीइतकेच कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत शिकायला मिळणारे तासही महत्त्वाचे. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्याला ‘घरी जाऊन शिका’ म्हणणे, ही निव्वळ जबाबदारी झटकणे आहे.