घोड्याचे एक बोट

गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब माथेरानला गेलो होतो. नात घोड्यावर बसली आणि मी, वयाला शोभेल अशा बेताने, बाजूने चालू लागलो. वाटेत तिने विचारले, "आजोबा, घोड्याला बोटं का नसतात?"

तीस वर्षे मास्तरकी केलेला माणूस मी! लगेच ऐटीत सांगितले, "असतं की! एकच. खूर म्हणजे त्या मधल्या बोटाचं नख." मग पुढचा पाठही झाला. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा घोड्याचा पूर्वज जेमतेम कुत्र्याएवढा. पुढच्या पायांना चार बोटे, मागच्यांना तीन. तो रानातला पाला खाई. पुढे उत्तर अमेरिकेत गवताळ मैदाने पसरली. गवत चावून झिजतात म्हणून दात उंच झाले, धावण्यासाठी पाय लांबले, बाजूची बोटे आखडत गेली. गंमत अशी, की त्याच अमेरिकेतून घोडा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. परत गेला तो स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून.

"मग हा घोडा कुणाचा नातू?"

"मंगोलियातल्या रानघोड्याचा," मी ठोकून दिले. वर्गातही हेच सांगत आलो होतो.

घरी येऊन पुस्तके चाळली आणि चपापलो. त्या प्रझेवाल्स्की घोड्याची गुणसूत्रे ६६, आपल्या घोड्याची ६४. कझाकस्तानात बोताई येथे साडेपाच हजार वर्षांपूर्वी लोक घोडीचे दूध काढीत. पण २०१८ साली जुन्या हाडांतील डीएनए तपासला, तेव्हा ते घोडे या मंगोली घोड्याचे पूर्वज ठरले, आपल्या घोड्याचे नव्हेत. आपल्या घोड्याचे मूळ २०२१ मध्ये सापडले ते व्होल्गा-डॉन नद्यांच्या मैदानात, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीचे. म्हणजे मंगोली घोडा आजोबा नव्हे, चुलत भाऊ!

नावाचाही घोळ आहेच. लिनिअसने १७५८ साली पाळीव घोड्याला 'इक्वस कॅबॅलस' म्हटले. रानघोड्याला 'इक्वस फेरस' हे नाव मागाहून मिळाले. पाळीव घोडा ही वेगळी जात की रानघोड्याचीच उपजात, यावर पंडितांचे अजून एकमत नाही.

नातीला सारे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे आजोबा, तुम्ही चुकलात?"

"हो," मी म्हणालो. हा शब्द मास्तरकीत कधी उच्चारल्याचे आठवत नाही.

"मग त्या वर्गातल्या मुलांना कोण सांगणार?"

ती मुले आता स्वतःच आजोबा झाली असतील. दिवाळी अंक मात्र घरोघर जातो, म्हणून हे लिहिले.