चंपापलीकडच्या लालनबाई

2006 साली कणकवलीत अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी लालन सारंग होत्या. ज्या मुलखात दशावतारातली राणी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच लुगडं नेसून उभी करत आला, तिथे हा मान एका नटीला मिळाला. तरी आज त्यांच्या भूमिका विचारल्या, तर उत्तर येतं ते एकच: ‘बाइंडर’मधली चंपा. आणि लगेच सुरू होतो बंदीचा किस्सा.

चंपा मोठीच होती, वादच नाही. 1972 मध्ये तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ कमलाकर सारंगांनी बसवलं. सखाराम निळू फुले, चंपा लालनबाई. फौजदार नवऱ्याला लाथाडून आलेली ही बाई सखारामची रात्र सोसते ती दारूच्या जोरावर. हा मस्तवालपणा आणि त्याखालची किळस एकाच देहातून दाखवायची, म्हणजे नुसतं धीट असून भागत नाही. आवाज, अंग, थांबणं, सगळं ताब्यात लागतं. परिनिरीक्षण मंडळाने परवानगी काढून घेतली, सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पण या लढाईच्या धुरळ्यात लालनबाईंचं धाडस तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं. अभिनय मागे पडला.

नटाच्या वाट्याला हे सहसा येत नाही. निळूभाऊंच्या सखारामबद्दल बोलताना कोणी त्यांच्या धाडसाचं कौतुक करत बसत नाही, भूमिकेचंच करतात.

‘कमला’तली सरिता घ्या. पत्रकाराची सुशिक्षित, घरंदाज बायको. नवऱ्याने बातमीसाठी विकत आणलेली कमला घरात येते, आणि आपणही या घरात फार वेगळ्या नाही, हे सरिताला हळूहळू कळत जातं. इथे ना शिवी, ना दारू. जे व्हायचं ते आतल्या आत. चंपा करणाऱ्या नटीने सरिताही करावी, यातच तिचा पल्ला दिसतो. शिवाय श्री. ना. पेंडशांचं ‘रथचक्र’ आहे. मुलांच्या शिक्षणासाठी झगडणारी ती कोकणातली बाई आपल्याकडच्या प्रेक्षकांना तरी परकी वाटायला नको होती.

मूळ गोव्याच्या लालनबाईंनी पुढे पुण्यात ‘मासेमारी’ नावाचं हॉटेल काढलं, पाककृतींवर लिहिलं, आपल्या भूमिकांवरही लिहिलं. नोव्हेंबर 2018 मध्ये त्या गेल्या, तेव्हाही आधी आठवली ती चंपाच.

मालवणच्या नाट्यगृहाला मामा वरेरकरांचं नाव आहे, ते योग्यच. तिथे लालनबाईंच्या भूमिकांची एक संध्याकाळ ठेवायला काय हरकत आहे? संहिता छापलेल्या आहेत, त्यांची पुस्तकं आहेत, आणि जिल्ह्यात जीव ओतून काम करणाऱ्या पोरींनाही तोटा नाही. सुरुवात मात्र चंपापासून नको. आधी सरिता होऊ दे.