‘योग्य ती काळजी’ म्हणजे नेमकी किती?

व्यापारी करारपत्रांत एक वाक्य हटकून आढळते. मालाची वाहतूक असो, कोठारातील साठवण असो, बियाण्याची विक्री असो की उसाची तोड असो, मधल्या कोठल्यातरी कलमात ‘योग्य ती काळजी घेतली जाईल’ अशा अर्थाचे आश्वासन दिलेले असते, आणि दोन्ही पक्ष त्याखाली निःशंक मनाने सह्या करतात. ज्यांनी शाळेत व्याकरण शिकविले आहे त्यांना या वाक्यातील गोम चटकन दिसेल. ‘घेतली जाईल’ हे क्रियापद कर्मणी आहे. काळजी कोण घेणार तो कर्ता वाक्यात नाही. ‘योग्य’ हे विशेषण आहे, पण त्याचे माप कोठेच नाही. माल सुखरूप पोहोचला तर या वाक्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. माल बिघडला की मात्र दोन्ही पक्षांचे वकील त्याच एका ओळीवर दिवसचे दिवस वाद घालतात, आणि या वादात टिकून राहण्याची ऐपत ज्याची अधिक, त्याचा अर्थ बहुधा खरा ठरतो.

हा प्रश्न मुंबईच्या पेढ्यांपुरता किंवा जहाज कंपन्यांपुरता आहे अशी समजूत असेल तर ती सोडावी. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे सहकारी साखर कारखान्यामुळे नावारूपास आलेले गाव आहे. तेथे आणि मराठवाड्यातील तशाच प्रत्येक कारखान्याच्या परिसरात दर हंगामात हजारो व्यापारी करार होतात. आमचे शहरी वाचक त्यांना करार म्हणून ओळखत नाहीत, कारण ते कोऱ्या मुद्रांकाच्या कागदापेक्षा नोंदीच्या वहीत आणि तोडीच्या चिठ्ठीत अधिक असतात. या विषयाची खरी परीक्षा मात्र त्यांतच होते. आम्ही येथे कोणा एका कारखान्याविषयी लिहीत नाही. महाराष्ट्रभर रूढ झालेल्या पद्धतीविषयी लिहीत आहोत.

ही पद्धत अशी. शेतकरी लागणीची नोंद कारखान्याकडे करतो. ऊस पक्व झाला की तोड द्यावयाची ती कारखाना देतो. त्यासाठी कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला उचल देतो, आणि मुकादम टोळी आणतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च मात्र शेवटी शेतकऱ्याच्या उसाच्या किमतीतून वळता होतो. म्हणजे ज्याच्या खिशातून पैसा जातो तो शेतकरी वाहतूकदाराशी झालेल्या करारात पक्षकारच नसतो, आणि ज्याच्या हातात कोयता असतो त्या मजुराचा कारखान्याशी थेट करार नसतो. काळजी घेण्याचे आश्वासन या साखळीत वरून खाली उतरताना प्रत्येक कडीशी थोडेथोडे झिजते. फडापर्यंत पोहोचते तेव्हा त्यात फारसे काही उरलेले नसते.

आता ऊस हा माल कसा आहे ते पाहावे. तो लोखंडासारखा पडून राहणारा नव्हे. तोडल्या क्षणापासून तो सुकू लागतो आणि त्यातील साखरेचे विघटन सुरू होते. म्हणूनच तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे या धंद्यातील जाणत्यांचे जुने मत आहे. उशीर झाला तर वजनातील घट शेतकऱ्याच्या माथी बसते, कारण त्याचा हिशेब काट्यावरच्या वजनाने होतो. साखरेतील घट प्रथम कारखान्याची; परंतु उसाचा भाव उताऱ्याशी बांधलेला असल्यामुळे तीही फिरून शेतकऱ्याच्याच दारी येते. उभ्या उसाचीही तीच गत. सुरू ऊस बारा महिन्यांत तयार होतो, आडसालीला सोळा-अठरा महिने लागतात. त्यानंतर तुरा येतो, पोंगा पडतो, वजन उतरते आणि शेत पुढच्या पिकाला मोकळे होत नाही ते वेगळेच. २०२१–२२ च्या हंगामाची आठवण मराठवाड्याला अद्याप आहे. ऊस अमाप झाला, मे उलटला तरी फड उभेच होते, आणि १ मे २०२२ नंतर गाळलेल्या उसाला उताऱ्यातील घटीपोटी टनामागे २०० रुपयांचे अनुदान देण्याची पाळी राज्य सरकारवर आली. विलंबाची किंमत रुपयांत मोजता येते हे सरकारने त्या निर्णयाने मान्य केले. प्रश्न एवढाच की, जे सरकारला संकटात मोजता आले ते करारपत्राला शांततेच्या काळात का मोजता येऊ नये?

कायदा या बाबतीत अगदीच मुका आहे असे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १५१ व्या कलमाने, दुसऱ्याचा माल ताब्यात घेणाऱ्याने किती काळजी घ्यावी याचे माप दिले आहे. सामान्य विवेकाचा माणूस तशाच परिस्थितीत, तेवढ्याच, तशाच प्रतीच्या आणि तेवढ्याच किमतीच्या स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल, तेवढी. याच कायद्याचे २१२ वे कलम आमच्या मते अधिक मोलाचे आहे. दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या अभिकर्त्याच्या अंगी त्या धंद्यातील माणसांत सामान्यतः असते तेवढे कौशल्य असले पाहिजे, असे ते सांगते. शेतकऱ्याच्या खर्चाने, शेतकऱ्याला निवड न देता, त्याच्यासाठी तोडणी-वाहतूक जमविणारा कारखाना कायद्याच्या काटेकोर अर्थाने अभिकर्ता ठरेल की नाही हे न्यायालये ठरवतील. नीतीच्या आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्याची भूमिका त्याहून निराळी आहे असे आम्हांला वाटत नाही. १८७२ च्या या कायद्याने धंद्यातील रूढीला प्रारंभीच जागा राखून ठेवली आहे. २९ व्या कलमाखालचे उदाहरण तर शाळेत शिकवावे इतके सुबोध आहे. ‘शंभर टन तेल’ विकण्याचा करार कोणते तेल ते न कळल्यास शून्य. पण विकणारा केवळ खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर धंदाच शब्दाचा अर्थ पुरवितो आणि करार उभा राहतो.

येथेच एक भुलावण आहे, आणि तिच्यात अनेक शहाणे लोक सापडतात. धंदा शब्दाचा अर्थ पुरवितो, म्हणून धंद्यात जे चालते तेच काळजीचे माप, असे म्हणणे सोयीचे असते. १९२८ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या किनाऱ्यावर कोळशाने भरलेली दोन तराफे-जहाजे वादळात बुडाली. ती ओढून नेणाऱ्या बोटींवर हवामानाचा इशारा ऐकण्यासाठी चालू स्थितीतील रेडिओ नव्हते. मालकांच्या बाजूने सांगण्यात आले की, या धंद्यात रेडिओ ठेवण्याची सार्वत्रिक प्रथाच नाही. १९३२ साली न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी हा बचाव फेटाळला. संपूर्ण धंदाच नव्या आणि स्वस्त साधनांचा अवलंब करण्यात मागे पडलेला असू शकतो, आणि धंद्याने स्वतःच्या कसोट्या स्वतःच ठरवून मोकळे होता येणार नाही, हा त्या निकालाचा आशय. आमच्याकडे हंगामात रात्रीच्या वेळी रस्त्यावरून जाणारी उसाची ट्रॉली किंवा बैलगाडी पाहावी. मागे परावर्तक नसल्यामुळे दुचाकीस्वार तीवर आदळून प्राणास मुकल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आमच्या हाती येतात. परावर्तकाची पट्टी ही काही रुपयांची वस्तू. मोटार वाहनांच्या नियमांनी ती आवश्यक केलेली. तरीही ‘कोणीच लावत नाही’ हे उत्तर मिळते! बोटींच्या मालकांचेही हेच उत्तर होते.

वाहतूकदार आणखी एक बचाव करू शकतो. उशीर झाला खरा, पण त्याचा एवढा परिणाम होईल हे मला काय ठाऊक? या प्रश्नाचे उत्तरही जुनेच आहे आणि तेही एका गिरणीच्याच खटल्यात मिळाले आहे. इंग्लंडातील ग्लॉस्टरच्या पीठगिरणीचा दांडा मोडला, नवा घडविण्यासाठी नमुना म्हणून तो वाहतूकदाराकडे दिला, त्याने विलंब केला आणि गिरणी बंद पडून राहिली. १८५४ साली न्यायालयाने गिरणीमालकाला बुडालेला नफा मिळू दिला नाही, कारण दांड्यावाचून गिरणी उभी राहील याची जाणीव वाहतूकदाराला असल्याचे दिसून आले नाही. आमच्या करार कायद्याच्या ७३ व्या कलमात हेच तत्त्व आले आहे. करार करतेवेळी उभय पक्षांना ज्या हानीची कल्पना होती, तिची भरपाई मागता येते. ग्लॉस्टरचा वाहतूकदार त्या अज्ञानामुळे सुटला. अंकुशनगरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर हाकणारा, काट्यावरचा कारकून, चिठ्ठी फाडणारा चिटबॉय, यांपैकी उन्हात दोन दिवस पडलेल्या उसाचे काय होते हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. अज्ञानाची सबब येथे कोणालाच घेता यावयाची नाही.

जालना हे बियाण्यांचे शहर आहे. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली तेथे संकरित बियाण्याची कंपनी उभारली आणि पुढे १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. बियाण्याच्या धंद्यात काळजीचे माप निदान कागदावर आहे. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असली पाहिजे, असा आकडा ठरलेला आहे. तरीही २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवले नाही तेव्हा वाद झालाच, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. विक्रेते म्हणत होते, पुरेशी ओल नसताना आणि फार खोल पेरले. शेतकरी म्हणत होते, पिशवीतच दोष होता. मागल्या हंगामाच्या काढणीच्या वेळी झालेल्या अवकाळी पावसाने दाणा भिजला होता, हीही गोष्ट खरी होती. आकडा असूनही वाद मिटला नाही, मग आकड्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हा की वाद कशावर आहे हे तरी निश्चित झाले. तपासणी करता आली, पंचनाम्याला आधार मिळाला. शिवाय पुरावा कोणाकडे मागावयाचा याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात दिलेला निर्णय मार्गदर्शक आहे. शेतकरी घेतलेले सारे बियाणे पेरून टाकतो. प्रयोगशाळेत पाठविण्यासाठी त्याने नमुना राखून ठेवला नाही, एवढ्यावरून त्याचा दावा फेटाळता येणार नाही, असे न्यायालयाने मानले. उसाच्या बाबतीत हेच थोड्या फरकाने लागू पडते. तोडीची वेळ, भरणीची वेळ, काट्याची वेळ या नोंदी ज्याच्या हाती आहेत, त्यानेच त्या दाखविल्या पाहिजेत.

याला दुसरी बाजू नाही असे नाही. टोळी पहाटे फडात उतरते ती आकाश पाहूनच. पाऊस आला की गाडी रुतते, यंत्रात बिघाड झाला की कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग लागते, आणि उचल घेऊन मुकादमच परागंदा झाला तर वाहतूकदार देशोधडीला लागतो. अशा प्रकरणांनी पोलीस ठाण्यांच्या नोंदवह्या भरलेल्या आहेत. इतके बारकाईने लिहावयाचे तर कोणी करारच करणार नाही, हा कारखान्यांचा आक्षेप आम्ही ऐकला आहे. पण ज्या बाबीत नियम कडक आहेत तेथे धंदा थांबलेला दिसत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचे आणि न दिल्यास वर्षाला १५ टक्के व्याज देण्याचे बंधन घातले. ते नेहमी पाळले जाते असा आमचा भ्रम नाही. तरीही थकबाकी म्हणजे काय आणि ती किती, हे त्या आदेशामुळे प्रत्येकाला बोटांवर मोजता येते आणि साखर आयुक्तांना जप्तीची नोटीस काढता येते. तोडीच्या विलंबाबद्दल असे बोट ठेवावयास जागाच नाही. त्यामुळेच तोड लवकर मिळावी म्हणून टोळीला द्यावयाची ‘खुशाली’ बोकाळली. तिच्याविरुद्ध साखर आयुक्तालयाने परिपत्रके काढली, पण जेथे हक्काची तारीखच नाही तेथे माणूस तारीख विकत घेणारच.

मजुराबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. ऊस वेळेत पोहोचविण्याचे माप लिहिले आणि तो तोडणाऱ्या बाईच्या झोपडीला पाणी, रात्रीच्या भरणीला उजेड, अपघाताला विमा यांचे माप लिहिले नाही, तर चोवीस तासांचा सारा ताण तिच्याच पाठीवर पडेल. वेगाचे कलम लिहिताना त्याच पानावर सुरक्षिततेचे कलम आले पाहिजे, आणि त्याचा खर्च कोणाकडे हेही तेथेच सांगितले पाहिजे.

साखर आयुक्तालयाने तोडणी-वाहतुकीच्या कराराचा एक नमुना मराठीत प्रसिद्ध करावा, अशी आमची सूचना आहे. चिठ्ठीवर तोडीचा दिवस आणि तास लिहिलेला असावा. संगणकीय काट्यावर वेळ आपोआप उमटते. तीच शेतकऱ्याच्या पावतीवर यावी. चोवीस तासांनंतरच्या प्रत्येक टप्प्याला किती भरपाई आणि ती वाहतूकदाराने द्यावयाची की कारखान्याने, याचे कोष्टक जोडावे. गव्हाण बंद असल्याने रांग लागली तर तो विलंब कारखान्याचा, गाडी वाटेत थांबली तर वाहतूकदाराचा, अतिवृष्टीने रस्ता बंद झाला तर कोणाचाच नव्हे. तोडीचा क्रम लागणीच्या तारखेप्रमाणे गट कार्यालयाच्या फळ्यावर लावावा. शेतकरी पक्षकार नसला तरी या कराराची प्रत त्याला मिळावी, आणि कराराचा लाभ त्यालाही मागता येईल असे स्पष्ट कलम त्यात असावे. आकडे कोणी ठरवावेत? केवळ कारखानदारांनी ठरवू नयेत, हे बोटींच्या खटल्यावरून उघड आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र यांच्याकडे उसाच्या प्रतवारीचा अनुभव आहे. त्यांनी शास्त्रीय भाग पुरवावा आणि शेतकरी, वाहतूकदार व मजूर यांच्या प्रतिनिधींसमोर तो मांडावा.

गाळप कोणत्या तारखेला सुरू करावयाचे हे ठरविण्यासाठी दरवर्षी मंत्रिसमितीची बैठक होते. त्या बैठकीपूर्वी दोन महिने हा मसुदा लोकांपुढे ठेवून हरकती मागविल्या, तर पहिली मोळी गव्हाणीत पडण्याआधी तो छापून गट कार्यालयांत पोहोचू शकतो.