अधिकार हवा, पण सहीसकट

रात्री साडेनऊनंतर नवी मुंबईत तुर्भे किंवा कोपरखैरणेतल्या औषधाच्या दुकानांत काय चालतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘ताप आहे, अंग दुखतंय, काहीतरी द्या’ म्हटलं की काउंटरवरचा मुलगा कात्रीने पट्टी कापतो. कित्येकदा त्यात अँटिबायोटिकही असतं. नाव आणि मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहतो, बिल मिळत नाही. एमआयडीसीतून पाळी संपवून आलेल्या कामगाराला डॉक्टरची फी आणि बुडालेली हजेरी, दोन्ही परवडत नाहीत.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधं लिहावीत का, यावरून राज्यातले डॉक्टर २०२५ मध्ये संपावर गेले. या काउंटरकडे मात्र कोणाचंच लक्ष नाही. शेड्यूल एचमधलं औषध चिठ्ठीशिवाय, नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय देता येत नाही. डॉक्टरांनी ‘पुन्हा द्यावे’ असं लिहिलेलं नसेल तर चिठ्ठी एकदाच चालते. म्हणजे नेरुळच्या आजोबांना जुन्या चिठ्ठीवर महिन्याच्या महिन्याला मिळणारी रक्तदाबाची गोळीसुद्धा नियमबाह्यच! औषध ठरवण्याचं काम दुकानात रोज होतंय, त्याला जबाबदार माणूस तेवढा नाही.

इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून घसादुखी, नागीण अशा सात दुखण्यांवर फार्मासिस्ट ठरलेल्या चौकटीत औषध देतात. नोंद ठेवतात, रुग्णाच्या डॉक्टरांनाही कळवतात. आपण एवढी उडी आज घेऊ नये. पण निदान पक्कं झालेल्या रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णाचं चालू औषध तीन महिन्यांपर्यंत पुढे देण्याचा अधिकार फार्मासिस्टला जरूर द्यावा. त्याने तिथेच रक्तदाब किंवा साखर मोजावी, आकडा वहीत लिहावा, खाली स्वतःची सही आणि नोंदणी क्रमांक टाकावा. आकडा बिघडलेला दिसला तर डॉक्टरकडे पाठवावं. अँटिबायोटिक या अधिकारात अजिबात नको. कित्येक अँटिबायोटिक्स ज्यात येतात त्या शेड्यूल एच-१ मधल्या औषधांसाठी डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव लिहिलेली वही तीन वर्षं जपण्याचा नियम २०१४ पासून आहे. तो आधी नीट पाळला जाऊ दे.

आणि भिंतीवरच्या फ्रेममध्ये ज्याचं प्रमाणपत्र आहे, तोच माणूस दुकानात हवा. प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्यांना हा अधिकार मिळाला तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होईल. म्हणून सुरुवात महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांतल्या औषधांच्या खिडकीपासून करावी. तिथे रुग्णाचे कागदही हाताशी असतात आणि शंका आली तर विचारायला डॉक्टरही.