जाजम रिकामं राहू देऊ नका

15 ऑगस्टला गावात झेंडावंदन होतं, पोरांना खाऊ मिळतो आणि ग्रामसेवक ग्रामसभेचं रजिस्टर उघडतात. तोवर माणसं पांगलेली असतात. जाजमावर सरपंच, शिपाई आणि दहाबारा जण. कोरम नाही, सभा तहकूब! तहकूब सभेला मग कोरम लागतही नाही. मोजक्या सह्यांवर गावाचा कारभार ठरतो. किती गावांत हेच चाललंय!

आपल्या कृष्णाकाठाला तरी हे शोभत नाही. जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, 1943 ते 1946 या काळात प्रति सरकार चाललं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही माणसं इंग्रजांशी लढत होतीच. पण लढता लढता त्यांनी गावं उभी केली. न्यायदान मंडळं नेमली, जमिनीचे आणि कर्जाचे तंटे गावातच सोडवले. दारूचे गुत्ते बंद पाडले. लग्नापायी कुणब्याचं घर कर्जात बुडू नये म्हणून साधी गांधी लग्नं लावली. नानांच्या लेकीनं, हौसाताईंनी, जीव धोक्यात घालून यात उडी घेतली.

प्रति सरकारची पत्री मारण्याची शिक्षा फार कठोर होती. ती आज कुणालाच नको आहे, नसावीही. जपायचं ते वेगळं: गावाचा निर्णय गावानं घ्यायचा, उघड्यावर घ्यायचा. त्यांना हे भूमिगत राहून करावं लागलं. आपल्याला ते दिवसाढवळ्या, कायद्यानं करता येतं. 24 एप्रिल 1993 पासून 73 वी घटनादुरुस्ती लागू आहे आणि ग्रामसभेला थेट संविधानाचा आधार आहे. एवढं हाती असून आपण घरी बसायचं?

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. छोटंसं गोंड गाव. सगळे एकत्र बसतात, सर्वांचं एकमत होईपर्यंत बोलतात. 2009 मध्ये त्यांनी जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू ग्रामसभेमार्फत स्वतः विकला.

आपल्याला तर सुरुवातीला फक्त यायचं आहे. कोरमला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला कमी आकडा पुरतो. हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं! जत्रेत एका कुस्तीला याहून जास्त जमतात. दर आळीनं दहा जण आणायचं मनावर घ्यावं. महिलांची सभा आधी व्हायलाच हवी. सासू-सुनांनी, जावा-जावांनी मिळून जावं. पोरांनी विषयपत्रिका मोबाईलवर घरोघरी पोचवावी. मास्तरांनी, निवृत्त मंडळींनी ठराव मोठ्यानं वाचून दाखवावेत आणि वाचल्याशिवाय कुणी सही करू नये. सरपंच आपलेच आहेत. भरलेली सभा त्यांनाही बळ देते.

येत्या 2 ऑक्टोबरला जाजम अपुरं पडलं पाहिजे. आपण सगळे बसू आणि पहिला प्रश्न विचारू: गेल्या सभेतल्या ठरावांचं काय झालं?